राधानगरीची भिंत, वळिवड्याची छावणी

सोमवार
पन्हाळ्याहून निघून कोल्हापूरमार्गे राधानगरी. गाडी दीड तास उशिरा. पाऊस. भाडं ११०, चहा-भजी ४५, खोली ७००. कपडे ओले. झोपतो.

मंगळवार
पाऊस. सकाळची गाडी आलीच नाही, शेवटी वडापनं फेजिवड्याला, राधानगरी धरणावर गेलो. तलाव तुडुंब. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की धरणाचे सात दरवाजे आपोआप उघडतात. आज दोन उघडले होते. भोगावतीचा आवाज छातीत बसत होता.

आडोशाला एका टपरीत शिरलो. चुलीपाशी बसलेले आजोबा म्हणाले, “काय पावणं, दारं बघाय आलासा? माझ्या आज्ज्यानं हितं दगड वाहिलं. मग काम बंद पडलं. फुडं माझ्या बापानं बी हितंच वाहिलं. मधी भिंत नुसती हुबी.”

ते ‘मधी’ म्हणजे दोन महायुद्धांमधला काळ. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी काढलेलं हे धरणाचं काम पहिलं महायुद्ध संपता संपता पैशाअभावी थांबलं. तिजोरी ओढगस्तीला आली होती, तरी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी १९१७-१८ मध्येच सुरू केलं. भिंत थांबली, पण पोरं शाळेत बसली. या माणसाची मोठी दृष्टी मला इथं दिसते. १९२२ मध्ये महाराज गेले. त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज यांनी काम पुन्हा हाती घेतलं तोवर दुसरं महायुद्ध दाराशी आलं होतं आणि माधवराव बागलांची प्रजापरिषद रयतेसाठी राज्यकारभाराचा हक्क मागत होती. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. भिंत पुरी झाली ती त्यानंतर. संस्थान गेलं, पण काम कुणी सोडलं नाही.

आजोबांचं जुनं शेत मात्र पाण्याखाली आहे. “उसाला पानी मिळालं खाली. आमाला हे,” असं म्हणून त्यांनी नाचणीची भाकरी आणि खर्डा पुढं केला. पैसे घेतले नाहीत.

बुधवार
पाऊस. दाजीपूर अभयारण्य पावसाळ्यात बंद. जेवण १८०, छत्री ३५०.

गुरुवार
परतीला कोल्हापूरजवळचं वळिवडे. इथं १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरातून उचलून सायबेरियाकडं नेलं होतं, तिथून इराणमार्गे ती कोल्हापुरात पोचली. तिकडं राधानगरीची भिंत चढत होती तेव्हा इकडं ही माणसं आपला देश मोकळा होण्याची वाट पाहत होती. युद्ध संपलं. बेचिराख वॉर्सा लोकांनी नव्यानं बांधलं, जुनी पेठसुद्धा पहिल्यासारखी उभी केली. पण राज्य कुणी करायचं हे ठरवायची मुभा त्यांना १९८९ पर्यंत मिळाली नाही. म्हणून छावणीतली कितीतरी कुटुंबं घरी न जाता ब्रिटन, ऑस्ट्रेलियाकडं गेली. शहर बांधून झालं की देश सावरला, असं मी तरी म्हणणार नाही.

छावणी रिकामी झाल्यावर फाळणीत सिंध सोडून आलेल्यांना ती मिळाली. तेच आजचं गांधीनगर. घाऊक कापडासाठी सगळा दक्षिण महाराष्ट्र तिथं येतो.

कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन झालं की महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभही बघा. मुलांना बरोबर न्या.