फक्त पुढची फेक

सातवी म्हणजे शेवटची इनिंग चालू होती. दोन्ही संघांचे गुण सारखे होते आणि तिन्ही बेसवर समोरच्या संघाच्या मुली उभ्या होत्या. दोघी बाद झाल्या होत्या. आणखी एक बाद झाली असती, तर सामना पुढे गेला असता. पिचरच्या जागी होती नववीतली एक मुलगी. खानदेशातल्या तिच्या लहानशा गावची शाळा प्रथमच जिल्ह्याच्या सॉफ्टबॉल स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत आली होती.

पहिली फेक बाहेर गेली. ‘‘बॉल!’’ अंपायर म्हणाले. कुंपणाजवळून वडील ओरडले, ‘‘अगं, लक्ष कुठे आहे तुझं?’’ दुसरी फेकही बाहेर गेली. आता क्रीडाशिक्षकांनाही राहवेना. ‘‘काही झालं तरी बॉल देऊ नकोस!’’ ते ओरडले. तिसरी फेक जमिनीवर आपटली. चौथी कॅचरला उडी मारून अडवावी लागली. चार बॉल झाले की बॅटरला पहिला बेस आपोआप मिळतो. बेस भरलेले असल्याने तिसऱ्या बेसवरची मुलगी चालतच होम प्लेटवर आली आणि सामना संपला.

परतीच्या एसटीत ती कोणाशी बोलली नाही. घरी आल्यावर ग्लोव्ह माळ्यावर टाकला आणि म्हणाली, ‘‘मी आता खेळणार नाही.’’ आठवडाभर ती मैदानाकडे फिरकली नाही. शेवटी तिची आई शाळेत आली. ‘‘सर, अंगणात भिंतीवर खडूने चौकोन काढलाय. दहातले आठ चेंडू त्यातच मारते हो पोरगी. मग तिथेच काय होतं तिला?’’

सरांकडे उत्तर नव्हते. त्यांनी तिला हाताची पद्धत शिकवली होती. हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवायचा, पुढे लांब पाऊल टाकायचे आणि चेंडू कमरेजवळून सोडायचा. मोठ्या महिलांच्या सामन्यात पिचर आणि होम प्लेट यांच्यात ४३ फुटांचे अंतर असते आणि चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. पण दोन फेकींच्या मधले जे पंधरा-वीस सेकंद असतात, त्यात काय करायचे, हे सरांनी तिला कधीच सांगितले नव्हते. आणि जे काही बिघडते, ते नेमके तेवढ्यातच बिघडते.

त्यांनी तिला बोलावून घेतले. हरल्याबद्दल एक शब्दही न काढता विचारले, ‘‘पहिला बॉल गेल्यावर मनात काय आलं?’’

बराच वेळ ती बुटाने माती उकरत राहिली. मग म्हणाली, ‘‘पप्पा घरी काय म्हणतील ते. मग तुम्ही ओरडलात. मग फक्त ‘बॉल नको, बॉल नको’ एवढंच डोक्यात राहिलं.’’

सर त्या रात्री नीट झोपले नाहीत. आपण मदत म्हणून जे ओरडलो, तेच तिच्या डोक्यात जाऊन बसले होते!

हे तिच्याच बाबतीत घडते असे नाही. डॅनियल वेगनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितले, पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी पुनःपुन्हा वाजत राहिली. जे टाळायचे, त्याच्यावरच मन पहारा करत बसते. मुलांच्या हातात दुधाचा पेला देऊन ‘सांडू नकोस हं’ असे बजावणाऱ्या कोणत्याही आईला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून सरांनी ‘नको’ हा शब्दच सोडला. त्याऐवजी तिला करायला काही तरी दिले. चेंडू परत आला की पिचरच्या पट्टीमागे दोन पावले जायचे. चिमूटभर माती उचलायची, झाली ती फेक त्या मातीबरोबर खाली सोडायची. एक लांब श्वास घ्यायचा आणि सावकाश सोडायचा. मग पट्टीवर यायचे आणि फक्त कॅचरच्या ग्लोव्हकडे पाहायचे. फेक चांगली पडो वा वाईट, क्रम तोच. सुरुवातीला ती वैतागली. ‘‘पूजा घातल्यासारखं वाटतं, सर!’’ कॅचर मैत्रीण तर खो खो हसायची. पण सर रोज सरावाच्या शेवटी मुद्दाम बेस भरायचे, ‘तीन बॉल, दोन स्ट्राइक’ असे जाहीर करायचे आणि बाकीच्या मुलींना हवा तेवढा आरडाओरडा करायला लावायचे. हळूहळू त्या गोंगाटाची तिला सवय झाली.

उरला प्रश्न वडिलांचा. एका रविवारी सरांनी त्यांना मैदानावर बोलावले आणि हातात चेंडू दिला. ‘‘पाचच टाका, साहेब. एक तरी स्ट्राइक हवा.’’ सगळ्या मुली गोळा झाल्या. पहिला चेंडू कुंपणाकडे गेला. दुसऱ्या वेळी सर हळूच म्हणाले, ‘‘अहो, लक्ष कुठे आहे तुमचं?’’ पाचही चुकले. मुली हसल्या, वडीलही हसले. मग कपाळाचा घाम पुसत मुलीकडे पाहत राहिले.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने एकाच दिवशी दोन सामन्यांत मिळून ३१८ फेकी टाकल्या होत्या. त्यातला पहिला सामना ती अमेरिकेकडून नवव्या इनिंगमध्ये हरली. तरी त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध बारा इनिंग टाकून जिंकली आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात अमेरिकेला ३-१ असे हरवले. दोन दिवसांत ४१३ फेकी! त्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून गेला आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत परत आला, तेव्हा उएनो एकोणचाळीस वर्षांची होती. जपानने पुन्हा सुवर्णपदक जिंकले. सरांनी हे मुलींना सांगितले ते पदकासाठी नव्हे. सकाळचा पराभव संध्याकाळपर्यंत खांद्यावर घेऊन ती फिरली असती, तर? एवढेच त्यांना विचारायचे होते.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच स्पर्धा आणि तसाच अटीतटीचा शेवट. पहिली फेक बॉल. ती दोन पावले मागे गेली, माती सोडली, श्वास घेतला. स्ट्राइक. पुन्हा बॉल. पुन्हा माती. पुढची फेक ग्लोव्हच्या दिशेने सरळ गेली. बॅटरने ती दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून टोलवली. संघ एका गुणाने हरला.

सर जवळ गेले. काय बोलावे, ते त्यांना सुचेना. तीच म्हणाली, ‘‘फेक चांगली होती, सर. तिने मारलीच चांगली.’’ डोळे ओले होते, पण आवाज स्थिर होता.

कुंपणाजवळ वडील उभे होते. संपूर्ण सामन्यात ते एकदाही ओरडले नव्हते. मुलगी समोर येताच त्यांनी विचारले, ‘‘भूक लागली असेल ना? चल, वडापाव खाऊ.’’

यंदा ग्लोव्ह माळ्यावर गेला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवरच्या चौकोनात पुन्हा चेंडूचे आवाज येऊ लागले.