वरंधा घाट उतरण्यापूर्वीं

भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंधा घाटांत आमची जुनी मारुति ८०० गेल्या खेपेस होडीप्रमाणें डुलूं लागली, तेव्हां मागें बसलेल्या आईनें डोळेच मिटून घेतले. पुढच्या स्ट्रटांतील तेल पाझरून गेलें होतें. म्हणून यंदा भोरास मुक्काम करून दोन्ही स्ट्रट मीं स्वतः बदलले. जॅकवर न विसंबतां गाडी भक्कम टेकूंवर ठेविली. माथ्याचा नट काढण्यापूर्वीं स्प्रिंग पेंचांनीं आवळून धरणें अगत्याचें. चाक अधांतरीं असलें तरी ती दबलेलीच असते, आणि सुटली तर हात मोडावयास कमी करीत नाहीं! येथें मात्र मीं घाई केली नाहीं. चाकांची रेषा तेवढी गॅरेजांत जुळवून घेतली. दुसरे दिवशीं आईनें डोळे मिटले नाहींत. वाघजाईपाशीं गाडी थांबवून खालचें शिवथरचें खोरें तिनें बराच वेळ पाहिलें.