मुनीमजींचा तेरा नंबर

कागद जपून ठेवायची सवय माझ्या आईला होती, मला नव्हती. आईला दुसरीपर्यंतच शिकता आलं आणि मी आयटीआय केलेला फिटर. तरी आमच्या दोघांत भविष्य निधीचा खरा जाणकार कोण, हे कळायला मला आठ वर्षं लागली. ते कळवून देणाऱ्या माणसाविषयी लिहायचं खूप दिवस मनात होतं.

गोंदियाच्या आजूबाजूच्या गावांत तेव्हा घरोघरी बिड्या वळल्या जात. देवरी-सालेकसाच्या जंगलातला तेंदूपत्ता, ठेकेदाराने मोजून दिलेला तंबाखू, सूत आणि मांडीवरचं सूप. आई सकाळचा स्वयंपाक आटोपून बसायची ती दिवेलागणीपर्यंत. हजार बिड्यांचा हिशेब. खराब निघालेल्या बाजूला काढून ठेकेदार उरलेल्यांचेच पैसे मांडायचा, आणि त्यातूनही काही रुपये 'पीएफचे' म्हणून कापायचा. लहानपणी मला ती कपात म्हणजे ठेकेदाराची आणखी एक लबाडीच वाटे. बिडी उद्योगाला भविष्य निधीचा कायदा 1977 मध्ये लागू झाला आणि घरी बसून बिड्या वळणारी बाईही त्या कायद्याने कामगारच ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये पी. एम. पटेल आणि सन्सच्या खटल्यात सांगितलं, हे मला फार उशिरा कळलं. आईला खटला ठाऊक नव्हता. तिला आपलं कार्ड ठाऊक होतं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, सातबाऱ्याच्या घडीखाली ते असायचं.

ते कार्ड दर वर्षी ती मुनीमजींना दाखवून आणायची. मुनीमजी एका बिडी कारखान्यात हिशेब लिहायचे. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. पांढरा पायजमा, खिशाला दोन पेनं आणि बोलताना समोरच्याकडे न बघता कागदाकडे बघायची सवय. रविवारी त्यांच्या ओसरीवर बाया बसलेल्या असत. कुणाचं नाव चुकलेलं, कुणाचं वय, कुणाच्या नवऱ्याचं नाव सासऱ्याच्या जागी. ते पैसे घेत नसत. चहा मात्र घ्यायचे, आणि साखर जास्त लागायची.

2003 च्या उन्हाळ्यात मला नागपूरला हिंगणा एमआयडीसीत नोकरी लागली. पगार अठ्ठावीसशे. पहिल्या पगारपत्रकात पीएफचे 336 रुपये कापलेले पाहून मी खट्टू झालो. मालकही आपल्यासाठी तेवढीच रक्कम भरतो, हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. पगाराचे बारा टक्के आपले, बारा मालकाचे. मालकाच्या बारातले 8.33 टक्के पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले 3.67 आपल्या निधीत. हा साधा हिशेब आज शेजारच्या पोराला दोन मिनिटांत सांगता येतो. तेव्हा मला तो येत नव्हता.

2006 मध्ये बुटीबोरीला जास्त पगाराची जागा मिळाली. सोबतची पोरं म्हणाली, जुना पीएफ काढून घे, नाहीतर अडकून पडेल. मी 19 नंबरचा फॉर्म भरला आणि पेन्शनचे पैसे काढायचा 10-सीही भरला. नोकरी सुटून दोन महिने काम नसेल तरच हे पैसे काढता येत. मी नव्या कारखान्यात रुजू झालेला होतो आणि 'सध्या बेरोजगार आहे' अशा मजकुराखाली सही केली. सगळेच करतात, म्हणून ते खोटं मला खोटं वाटलं नाही. दोन्ही मिळून सव्वीस हजारांच्या आसपास आले. त्यातून जुनी मोटरसायकल घेतली. गावात ती फिरवली तेव्हा आई काही बोलली नाही. एवढंच विचारलं, "मुनीमजीले इचारलं होतं का?" बिड्यांचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाला कंपनीतलं काय कळणार, असं मी म्हटलं. हे वाक्य मला अजून टोचतं.

जून 2011 मध्ये बुटीबोरीची ती नोकरीही सोडली. नव्या कारखान्यात जुलैच्या शेवटी हजर व्हायचं होतं. मधले दिवस मी गावी होतो आणि या वेळी खरोखरच बेरोजगार होतो. पुन्हा तेच दोन फॉर्म आणले. एका रकान्यात अडलो, आणि आईने हाताला धरून मला मुनीमजींच्या ओसरीवर नेलं. ते तोवर निवृत्त झाले होते, पण रविवारची ओसरी सुरूच होती.

त्यांनी फॉर्म उलटसुलट पाहिले. मग विचारलं, "या आधीची सर्विस कुठं आहे?"

मी म्हटलं, काढून घेतली.

"पैसे काढले, ते ठीक. सर्विस कायले काढली?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं. 1995 च्या पेन्शन योजनेत किती पैसे जमले त्यावर पेन्शन ठरत नाही; किती वर्षं सेवा झाली आणि शेवटी पगार किती धरला जातो, यावर ठरते. त्या पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरने भागायचं. पण दहा वर्षांची सेवा झाल्याशिवाय पेन्शन नाहीच. दहाच्या आत नोकरी सुटली तर दोन वाटा असतात. एक, 10-सी भरून रक्कम घ्यायची आणि तेवढी वर्षं पुसून टाकायची. दुसरी, त्याच 10-सीवर रकमेऐवजी सेवेचं प्रमाणपत्र मागायचं. आणि दुसरी नोकरी लागणारच असेल तर 13 नंबरचा फॉर्म भरून सगळं नव्या खात्यावर नेणं सर्वांत सरळ. मी 2006 मध्ये तीन वर्षं आणि वर काही महिने स्वतःच्या सहीने पुसून टाकले होते.

"तुह्या मायचा तेरा नंबर मीच भरला होता," ते म्हणाले. "मध्ये ती दुसऱ्या छापाच्या बिड्या वळून राहिली होती ना. नंबर दुसरा पडला होता."

मी आईकडे पाहिलं. ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. कारखाना बदलल्यावर खातं बदलून घ्यायचं, हे बिड्या वळणाऱ्या माझ्या आईने केव्हाच केलं होतं. 2010 मध्ये तिची पेन्शन सुरू झाली होती, महिन्याला काही शे रुपये. मला वाटायचं, सरकार म्हाताऱ्यांना देतं तसं काहीतरी असेल.

माझ्या हातातले दोन्ही फॉर्म मुनीमजींनी फाडले नाहीत, त्यांचा तसा स्वभाव नव्हता. पाठीमागची कोरी बाजू वापरता येईल म्हणून बाजूला ठेवले. नव्या कारखान्यात हजर झाल्याबरोबर 13 नंबर मागून घे, असं सांगून त्यांनी जुना खाते क्रमांक माझ्याकडून दोनदा लिहून घेतला.

तेरा नंबर मी भरला. पण माणूस एका ठिकाणी शहाणा झाला म्हणजे सगळीकडे होतोच असं नाही. नव्या कारखान्यात कामगार विम्याचा, म्हणजे ईएसआयचा, फॉर्म भरताना बाईंनी विचारलं, आधीचा विमा नंबर आहे का? कार्ड गावी राहिलं होतं. शोधायचा कंटाळा म्हणून मी नाही म्हणून टाकलं. नवा नंबर पडला.

जानेवारी 2012 मध्ये मला कावीळ झाली. तीन आठवडे अंथरुणावर. विमा असलेल्या कामगाराला आजारपणात पगाराच्या सत्तर टक्के भत्ता मिळतो, पण त्याला अट आहे. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जून या काळात भत्ता. माझे जुन्या नंबरावर 71 दिवस होते आणि नव्यावर 68. एकत्र धरले तर भरपूर, वेगवेगळे धरले तर दोन्हीकडे कमी. भत्ता नाही, असं सांगण्यात आलं. चूक कार्यालयाची नव्हती. त्यांच्या वहीत मी दोन वेगळी माणसं होतो.

फोनवर मुनीमजींनी पहिला प्रश्न विचारला तो तब्येतीचा नव्हता. "दवाखान्याचे दाखले जपून ठेवले का?" तेवढं शहाणपण मी केलं होतं. त्यांनी अर्ज सांगितला आणि मी तो फोन कानाला लावून शब्द न् शब्द उतरवला: नोकरी बदलली तरी विमा क्रमांक आयुष्यभर एकच असतो, माझ्या चुकीने दुसरा निर्माण झाला, दोन्ही एकत्र करावेत. 'माझ्या चुकीने' हे शब्द मी गाळले होते. त्यांनी अर्ज परत वाचून दाखवायला लावला आणि ते घालायला लावले. तीन महिन्यांनी पैसे आले, पहिले दोन दिवस वगळून. त्या पैशातून घरभाडं दिलं.

2014 मध्ये पीएफसाठी यूएएन आला, बारा आकडी एकच नंबर, आणि कागदाचा बराच जाच कमी झाला. त्यानंतरही एकदा मी घाबरून त्यांना फोन केला होता. खातं बदलल्यावर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसत होतं. ते हसले. "शून्यच दिसन. पैसा नाही जात तिकडं, वर्षं जातात." मोबाईलवरचं पासबुक त्यांनी तोवर पाहिलंही नव्हतं.

1 सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन हजार रुपये झाली तेव्हा आईची रक्कम वाढली. ती बातमी सांगायला ती चालत मुनीमजींकडे गेली. दर वर्षी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो द्यायला निघताना अंगठा नीट उमटावा म्हणून ती आदल्या रात्री हाताला तेल लावते. आयुष्यभर पत्ता आणि सूत हाताळून तिच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत. ते तेल लावणंही मुनीमजींनीच सांगितलेलं.

2018 च्या पावसाळ्यात ते गेले. मी चाकणला होतो, पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांच्या मुलाने ओसरीवरची पेटी दाखवली. बायांच्या खाते क्रमांकांची वही होती, गावानुसार. शेवटच्या पानांवर नोकरीसाठी बाहेर गेलेल्या पोरांचे नंबर होते आणि त्यांत माझे तीन. पहिल्याच्या पुढे 'काढला' असं लिहून खाली रेघ ओढलेली. पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात 2011 चे माझे ते दोन फॉर्मही सापडले. एकाच्या पाठीवर कुणाचं तरी जन्मतारखेचं प्रतिज्ञापत्र कच्चं लिहिलेलं होतं.

हिशेब करायचाच तर तो असा: आजच्या पंधरा हजारांच्या मर्यादेने सेवेच्या एका वर्षाला महिना 214 रुपये पेन्शन होते. पुसलेल्या तीन वर्षांचे 643. निधीचं व्याज वेगळं. त्या काळच्या साडेआठ टक्क्यांनी साडेआठ वर्षांत रक्कम दुप्पट झाली असती. मोटरसायकल 2009 मध्येच भंगारात गेली.

आमच्या भागातून बुटीबोरीला, पुण्याला, सुरतेला जाणारी पोरं अजून तेच करतात. नोकरी सुटली की आधी पीएफ काढतात. आता ते मोबाईलवर होतं, म्हणून आणखी लवकर होतं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर 10-सी भरण्याआधी त्याला थोडं थांबायला सांगा. जुन्या मालकाने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते. ईएसआयचा जुना नंबर विचारला की कंटाळा न करता तो द्यायला सांगा.

माझी पेन्शनची सेवा सप्टेंबर 2006 पासून मोजली जाते.