चौकटीत चित्र नव्हतेच

या धाग्यात आपण आजवर ताम्रपट वाचले, मोडी दफ्तरांत डोकावलो, शिळाछापाच्या गमती पाहिल्या. आजची नोंद फार अलीकडच्या इतिहासाची आहे आणि तिच्या मुळाशी माझी स्वतःची चूक आहे. पानांची मांडणी करणाऱ्या संगणकप्रणालीत आपण एखादे चित्र ठेवतो, तेव्हा ते नेमके कोठे असते? हा प्रश्न मला पुस्तिका छापायला देण्यापूर्वी पडायला हवा होता. तो पडला ती छापून आल्यावर.

आमच्या विभागाने मोडी कागदपत्रांचे एक छोटे प्रदर्शन भरवले होते. त्याची चोवीस पानी पुस्तिका माझ्याकडे आली, कारण इनडिझाइन थोडेफार चालवता येणारी वर्गात मी एकटीच होते. प्रदर्शनातला सर्वांत देखणा कागद म्हणजे अठराव्या शतकातली एक सनद. ती साताऱ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरची. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणत असू. रुमालाची गाठ सोडून त्यांनी ती माझ्यापुढे उलगडली आणि म्हणाले, "आमच्या घरात ही आता कोणालाच वाचता येत नाही, पोरी. छापलीस तर निदान चार जण वाचतील."

मी छायाचित्रे घेतली, पाने लावली, पुस्तिकेची फाइल पेनड्राइव्हवर घालून छापखान्यात नेऊन दिली. प्रकाशनाच्या दिवशी गुरुजी एसटीने आले. त्यांनी आपले पान काढले, खिशातले भिंग त्यावर धरले, थोडा वेळ पाहिले आणि पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली. काही बोलले नाहीत. ते पान मी नंतर पाहिले. ओळी होत्या, पण अक्षरे नव्हती. ओल्या बोटाने पुसल्यासारखा तपकिरी पट्टा तेवढा उरला होता.

छापखान्यातल्या ऑपरेटरने कारण एका वाक्यात सांगितले. "ताई, तुम्ही फाइल दिलीत, पण लिंका कुठे दिल्यात?"

आपली समजूत अशी असते की, चित्र चौकटीत टाकले म्हणजे ते पानात गेले. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पानात जातो तो त्याचा पत्ता: अमुक फोल्डरमधली अमुक फाइल. सोबत पडद्यावर दाखवण्यापुरती एक हलकी प्रतिमा. छपाईच्या वेळी प्रणाली त्या पत्त्यावर जाते आणि मूळ चित्र आणते. पत्त्यावर कोणी नसेल, तर इनडिझाइन लाल वर्तुळात प्रश्नचिन्ह दाखवते. तरीही काम पुढे रेटले, तर ती हलकी प्रतिमाच छापली जाते. माझ्या संगणकावर मूळ छायाचित्रे जागेवर होती, म्हणून मला सारे ठीक दिसत होते. छापखान्याच्या संगणकावर ती नव्हतीच. प्रश्नचिन्ह तिथे कोणी पाहिले की नाही, यावर मी वाद घातला नाही. पॅकेज नावाची आज्ञा दिली असती, तर सगळी चित्रे आणि टंक आपोआप एका फोल्डरमध्ये गोळा झाले असते. ती मला ठाऊकही नव्हती.

ही अशी उफराटी व्यवस्था मुळात कोणी आणि का केली असेल, या रागातूनच मी तिचा इतिहास वाचायला घेतला.

१९८५ साली पॉल ब्रेनर्ड यांच्या ऑल्डस या कंपनीने मॅकिंटॉशसाठी पेजमेकर बाजारात आणले. ज्या मॅकवर ते चालत असे, त्याची स्मृती होती ५१२ किलोबाइट. त्याच वर्षी आलेल्या ॲपलच्या लेझररायटर या छपाईयंत्राची स्मृती दीड मेगाबाइट, म्हणजे संगणकाच्या तिप्पट! यात नवल वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेत वापरला जाणारा साडेआठ बाय अकरा इंचांचा कागद इंचाला ३०० ठिपके या हिशोबाने भरला, तर सुमारे ८४ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपका फक्त काळा किंवा पांढरा धरला, तरी एका पानाला मेगाबाइटभर जागा लागते. ज्या संगणकावर पान जन्माला येई, त्याच्या पोटात ते पूर्ण रूपात मावतच नसे. म्हणून संगणक छपाईयंत्राला ठिपके पाठवत नसे; अडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत पानाचे वर्णन पाठवी, आणि ठिपके यंत्र स्वतः मांडी.

पुढे छायाचित्रे स्कॅन होऊ लागली. त्यांच्यासाठी टिफ हा फाइलप्रकार १९८६ साली ऑल्डसनेच पुढे आणला. त्याच कागदाएवढे करड्या छटांचे छायाचित्र त्याच बारकाईने साठवायचे, तर आठ मेगाबाइटच्या वर जागा हवी. पहिल्या मॅकच्या ४०० किलोबाइटच्या फ्लॉपी वीसहून अधिक लागतील. मोठे चित्र आले की पेजमेकर विचारत असे, याची पूर्ण प्रत प्रकाशनातच ठेवायची का? शहाणा माणूस नाही म्हणे. मूळ बाहेर, पानावर खूण.

पण ही युक्तीही संगणकाची नव्हे. कात्री, गोंद आणि ब्रोमाइड घेऊन पाने चिकटवली जात, तेव्हा छायाचित्राच्या जागी त्याची साधी झेरॉक्स लावून 'फॉर पोझिशन ओन्ली' असे लिहून ठेवण्याची रीत होती. अर्थ असा, की ही प्रत फक्त जागा दाखवण्यासाठी, मूळ छायाचित्र वेगळे येत आहे. चुकून ती झेरॉक्सच छापली गेली, तर जे होईल, तेच माझ्या पानाचे झाले.

गंमत म्हणजे ऑल्डस हे नाव ज्यांच्यावरून घेतले, त्या व्हेनिसच्या ऑल्डस मॅन्युशियस यांना ही अडचण आलीच नसती. त्यांनी १४९९ मध्ये छापलेल्या 'हिप्नेरोटोमाकिया पोलिफिली' या ग्रंथात काष्ठठशांची चित्रे मजकुराशेजारी बसली आहेत. ठसा आणि खिळे एकाच उंचीचे, एकाच चौकटीत आवळलेले, एकाच दाबाने कागदावर उमटणारे. ठसा हरवला, तर तिथे भोक दिसेल. धूसर सोंग घेऊन कोणी उभे राहणार नाही.

१९९४ साली ऑल्डस अडोबीत विलीन झाली, १९९९ मध्ये इनडिझाइन आले. आपल्याकडच्या कित्येक छापखान्यांत मात्र श्रीलिपीच्या टंकांसह पेजमेकर त्यानंतरही वर्षानुवर्षे नांदले. (तो इतिहास स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, लिहीन कधीतरी.)

आता चुकीचा दुसरा भाग. हा छापखान्याच्या संगणकावर नव्हे, माझ्याच हातून झाला होता.

सनदेचे पान पुन्हा छापण्यासाठी मी फाइल उघडली. मूळ छायाचित्र आणि चौकट शेजारी ठेवून पाहताना लक्षात आले की, चौकट पूर्ण भरावी म्हणून दिलेल्या आज्ञेने सनद वरून आणि खालून कापली गेली होती. वरचा भाग कोराच होता. खाली मात्र मोर्तब होते. मजकूर जिथे संपतो तिथे हा छोटा शिक्का उठवत, म्हणजे त्याखाली कोणाला नवी ओळ घुसडता येऊ नये. सनद सनद ठरते ती अशा खुणांनी, आणि मी ती पान सुबक दिसावे म्हणून चौकटीबाहेर ढकलली होती. चित्र धूसर झाले नसते, तर मोर्तबाविना छापलेली ती सनद मी अभिमानाने सर्वांना दाखवत फिरले असते. सुदैवाने ही प्रणाली कापलेले फेकून देत नाही, नुसते झाकते. चौकटीची कड खाली ओढली आणि मोर्तब जागेवर आले.

सगळी पुस्तिका पुन्हा छापायला पैसे नव्हते. तेवढे एक पान सुटे छापले, उरलेल्या प्रतींत सरकवले आणि एक घेऊन मी गुरुजींकडे गेले. त्यांनी भिंग लावून पहिल्या ओळीपासून मोर्तबापर्यंत बोट फिरवले. मग म्हणाले, "हे जरा मोठं करून मिळेल का? भिंतीवर लावीन म्हणतो."

छायाचित्राची लांबी ६,००० पिक्सेल होती. इंचाला ३०० धरले, तर वीस इंच. मिळेल, म्हटले.