न दिसणाऱ्याची साक्ष

विश्वातल्या द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के द्रव्य दिसतच नाही, हे आम्ही विज्ञानाचे शिक्षक वर्गात सहज सांगून टाकतो. ते कृष्णद्रव्य, ना उजेड देते, ना उजेड अडवते. फक्त त्याची ओढ जाणवते. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा समूहातल्या दीर्घिकांचा वेग पाहून ती ओळखली. पण मुलांचा प्रश्न ठरलेला : "सर, पाहिलं कुणी?"

२०१४ साली वाटले, माग लागला. तुर्की खगोलशास्त्रज्ञ एसरा बुलबुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७३ दीर्घिकासमूहांतून आलेले क्ष-किरण एकत्र मांडले. समूहातल्या तापलेल्या वायूतील प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक रेषा उमटवते. ३.५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी मात्र एक फिकट रेषा दिसली, तिचा धनी सापडेना. दुसऱ्या एका गटाला ती देवयानी दीर्घिकेतही दिसली. दहाव्या शतकात इराणच्या अब्दुर्रहमान अल-सूफींनी 'लहानसा ढग' म्हणून नोंदली, तीच ही देवयानी. न्यूट्रिनोचा एखादा कल्पित भाऊबंद फुटून त्याची निम्मी ऊर्जा क्ष-किरण होऊन बाहेर पडत असेल का? आम्ही फळ्यावर रेषा काढली, पुढे प्रश्नचिन्ह काढले.

मग उलटतपासणी सुरू झाली. कुणी म्हणाले, ही रेषा पोटॅशियमची. जपानच्या 'हितोमी' उपग्रहाने २०१६ मध्ये ययाती समूह पाहिला. काही आठवड्यांतच तो निकामी झाला, पण जाण्यापूर्वी साक्ष देऊन गेला : तेवढी ठळक रेषा इथे नाही. २०२० मध्ये आपल्या आकाशगंगेच्या दिशेची जुनी निरीक्षणे चाळली गेली, तिथेही नाही. त्या पद्धतीवर वाद झाला. पुढे मूळ निरीक्षणेच पुन्हा तपासणाऱ्यांनाही भक्कम पुरावा मिळाला नाही.

आम्हांला या हरवलेल्या रेषेचे वाईट वाटत नाही. बुलबुल यांनी पहिल्याच निबंधाच्या शीर्षकात तिला 'अनोळखी' म्हटले होते. आमच्या मोहल्ल्यात सकाळची ऐकीव गोष्ट संध्याकाळपर्यंत दहा घरांत सत्य ठरते, आणि तिची किंमत कुणा निरपराधाला मोजावी लागते. उलटतपासणीला कुणी थांबत नाही.

म्हणून मुलांना आम्ही आता दोन वाक्ये लिहून देतो. कृष्णद्रव्याच्या ओढीचा पुरावा आहे. ते कशाचे बनले आहे, याचा अजून नाही. २०२३ साली जपानचा 'क्रिझम' उपग्रह हितोमीचे अपुरे काम घेऊन वर गेला आहे. तोवर दोन्ही वाक्ये वहीत शेजारी शेजारी राहू द्यावीत; एकही खोडू नये.