साडेदोन कोणी म्हणत नाही

साडेतीन असतात, साडेचार असतात; साडेदोन मात्र कोणी म्हणत नाही. तिथे अडीच ऐसपैस बसलेला असतो, आणि त्याच्या अलीकडे दीड. आपण अपूर्णांक आहोत हे दोघांच्याही गावी नसावं. शाळेत अंशाखाली छेद आला तेव्हा आम्ही घाबरलो ते त्या आडव्या रेघेला. अडीच किलो कांदे आणि पावणेदोन मीटर कापड तर आधीपासून घरातलंच होतं.

पावणेदोन म्हणताना मन एकाकडे वळून बघत नाही. ते दोनाच्या दारात उभं राहून पाव कमी पडला म्हणून कुरकुरतं. एकोणतीस, एकोणचाळीसची तीच तऱ्हा. (नव्व्याण्णवाला मात्र शंभराची घाई नाही. मला तो त्याचा मोठेपणा वाटतो.)

2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं आणि गदारोळ उठला. जोडाक्षरं मुलांना जड जातात, हे गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्रेसष्ट म्हणताना तोंडात तीन आधी येतो, पाटीवर सहा. पोर अडखळणारच. तरी मी त्रेसष्टच्या बाजूचा. तर्काने नव्हे, परवचा म्हणून वळलेल्या जिभेने.

ब्राझीलमधल्या पिराहा लोकांच्या भाषेत नेमक्या संख्येचे शब्दच नाहीत. संशोधकांनी समोर वस्तू मांडल्या, की ते तितक्याच वस्तू बिनचूक लावत. त्याच वस्तू झाकल्या की मोठ्या संख्यांना हिशोब डळमळे. म्हणजे 'सात' हा शब्द सातपणा निर्माण करत नाही. वस्तू नजरेआड झाल्यावर तो धरून ठेवतो. दिवेलागणीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकणाऱ्या पोरांपुढे तरी कुठे काही मांडलेलं असायचं? सगळा बाजार तोंडात.

त्या माळेत औटकीही होती, साडेतीनचा पाढा. पाढा गेला, औट उरला तो औट घटकेच्या राज्यात. 24 मिनिटांची एक घटका, म्हणजे ते राज्य चोख 84 मिनिटांचं. सरकार पडलं की मथळ्यात हे शब्द हटकून येतात, आणि वाचणारा त्यांचा अर्थ 'थोडा वेळ' असा घेतो. साडेतीनने भागतं, अडत काहीच नाही. पण एक मोजमाप आपल्या डोळ्यांदेखत नुसतं विशेषण झालं, याची चुटपुट मला लागते.