पावसाची चाहूल

आमची सहा वर्षांची नात रोज विचारते, "आजोबा, आज पाऊस येईल का?" मोबाईलवर उत्तर तयार असते; तरी मी तिलाच विचारतो, "तुला काय दिसते?"

कोल्हापुरातील आमच्या गुळाच्या दुकानात पाहण्याजोगे पुष्कळ आहे. ढेप पाझरू लागली, मिठाला ओल सुटली, लाकडी दार चौकटीत अडू लागले, म्हणजे हवेतील बाष्प वाढले. गूळ आणि मीठ ते ओढून घेतात, लाकूड त्याने फुगते. एवढे कारण तिला पुरते. थंडीत गवतावर भरपूर दव दिसले, की रात्री आकाश बहुधा निरभ्र असावे, हेही ती ओळखते. वाऱ्याची दिशा ती उदबत्तीच्या धुरावरून सांगते.

एका खुणेवर निकाल द्यायचा नाही, हा आमचा नियम. ढेप ओलसर आहे, पण ढग नाहीत. तर "कदाचित" म्हणावे.

गेल्या वैशाखात दुपारी वारा पडला, ढग दाटले. "वळीव येणार, पापड आत घ्या," असे ती म्हणाली. सूनबाईंनी गच्चीवरचे सारे पापड उचलले. पाऊस आलाच नाही. कोणी हसले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "वाऱ्याने ढग पुढे नेले."

मुलांचा अंदाज चुकला तरी त्यांची कारणे ऐकून घ्यावीत. उद्या पेढीवर बसून मालाचा भाव जोखताना हीच सवय त्यांच्या उपयोगी पडेल.